व्हिसा फ्री पर्यटकाला, जावयाला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत फिलिपिन्सवर पानभर लेख आला होता, निळं पाणी, पांढरी वाळू आणि खाली ठळक अक्षरात की आता भारतीयांना व्हिसा लागत नाही, बॅग भरा आणि निघा. फोटो फारच सुंदर होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वाचून त्याच आठवड्यात मला ओळखीतल्या दोन घरांतून फोन आले, की ताई आता काय सोपं झालं, आमच्या मुलाचं तिकडच्या मुलीशी जुळलंय, पंधरा दिवस सुट्टी टाकतो आणि लग्नच उरकून येतो. म्हणून हे पत्र लिहायला बसले, कारण नेमका हाच प्रयोग आमच्या घरात होऊन गेलाय आणि तो सपशेल फसलाय.

मी दुय्यम निबंधक कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे कागद म्हणलं की मला भीती वाटत नाही, उलट थोडी मजाच वाटते. माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, दुबईला हॉटेलात होता. तिथे त्याची इलोइलोच्या एका नर्सशी ओळख झाली. इलोइलो म्हणजे मनिलापासून विमानाने सव्वा तास, पनाय नावाच्या बेटावर, तिथली माणसं इतकी हेल काढून गोड बोलतात म्हणे की भांडत असली तरी कळत नाही (आमच्या सदाशिव पेठेच्या अगदी उलट). दोन्ही घरचे तयार, मुलगा कायमचा पुण्यात परत आलेला, आणि तेवढ्यात ८ जून २०२५ पासून फिलिपिन्सने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला. भाचा म्हणाला आत्या, नशीबच उघडलं. मी पण म्हणलं जा.

आता हिशोब बघा. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय मिळतात १४ दिवस. ज्याच्याकडे अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा यूके यांचा चालू व्हिसा किंवा रेसिडेन्सी आहे त्याला ३० दिवस. दुबईचा शिक्का या यादीत नाही, हे भाच्याला तिथे पोचल्यावर कळलं. आणि मुख्य म्हणजे हे १४ काय आणि ३० काय, दोन्ही वाढवून मिळत नाहीत आणि दुसऱ्या कुठल्या व्हिसात बदलूनही मिळत नाहीत. हे पर्यटनासाठी दिलेले दिवस आहेत. पासपोर्ट सहा महिने चालू पाहिजे, परतीचं तिकीट पाहिजे, राहण्याचं पक्कं बुकिंग पाहिजे आणि खिशात पैसे आहेत हे दाखवता आलं पाहिजे, मुंबईला चेक-इन काउंटरवरच हे सगळं बघतात, सासुरवाडीला उतरणार आहे म्हणून हॉटेल घेतलं नाही असं तिथे सांगू लागलात तर मागची लाईन तुम्हाला शिव्या घालेल.

आणि लग्नाला काय लागतं? त्यांच्या फॅमिली कोडप्रमाणे परदेशी माणसाला आपल्या दूतावासाकडून, म्हणजे मनिलातल्या भारतीय दूतावासाकडून, हा माणूस लग्न करायला कायद्याने मोकळा आहे असा दाखला आणावा लागतो. तो हातात आल्याशिवाय तिथला सिव्हिल रजिस्ट्रार मॅरेज लायसन्सचा अर्जच घेत नाही. अर्ज दिला की १० दिवस नोटीस बोर्डावर लागते, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून, आपल्याकडे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टला ३० दिवस असते तशीच. त्यात परत लग्नाआधीचं समुपदेशनाचं सेमिनार, ते ठरलेल्या वारीच असतं, तुमच्या विमानाच्या वेळेप्रमाणे नाही. मुलगी किंवा मुलगा २१ ते २५ मध्ये असेल तर आईवडिलांचा लेखी सल्ला लागतो, तो नसला तर लायसन्स तीन महिने लांबतं. हे सगळं पार पडलं की लायसन्स मिळतं आणि ते मग १२० दिवस देशात कुठेही चालतं.

भाचा शनिवारी उतरला. सोमवारी दूतावासात गेला. दाखल्याला दिवस लागणार हे कळलं तोवर तिसरा दिवस, मग इलोइलोला गेला, सासूबाईंनी गावजेवणाची तयारी केलेली, आणि नोटिशीचे १० दिवस मोजायला घेतले तर चौदावा दिवस कधीच संपत होता. लग्न न करताच परत आला, बिचाऱ्यांनी शिजवलेलं जेवण मात्र सगळ्या गावाने जेवलं. तिथे एकाने, फिक्सर म्हणतात त्याला तिकडे पण, सल्ला दिला की पाच वर्षं एकत्र राहतोय असं अ‍ॅफिडेव्हिट करा म्हणजे लायसन्स लागतच नाही. अशी सवलत कायद्यात खरंच आहे, पण जे खरोखर पाच वर्षं नवराबायकोसारखे राहिलेत त्यांच्यासाठी. खोटं लिहून केलेलं लग्न तिकडे मुळातच रद्द धरलं जातं, म्हणजे पुढे दहा वर्षांनी मुलांच्या कागदाला कुणी हात घातला की सगळंच कोसळणार. भाच्याने मला रात्री साडेअकराला फोन केला, तिकडे तेव्हा दोन वाजलेले, मी झोपेतच सांगितलं की सहीचं पेन खिशात घाल आणि घरी ये. नोकरीत असली प्रतिज्ञापत्रं खूप बघितली मी, करणारा सुटतो, निस्तरणारा अडकतो.

दुसऱ्या खेपेला नीट गेला. निघायच्या आधी दिल्लीतल्या फिलिपिन्स दूतावासाकडून ९(ए), म्हणजे तात्पुरत्या भेटीचा व्हिसा घेतला, तो तिथल्या इमिग्रेशन ब्युरोत अर्ज करून वाढवता येतो. आणि मनिलातल्या आपल्या दूतावासाला आधीच मेल करून दाखल्याला कोणते कागद आणि किती दिवस हे लेखी विचारून घेतलं. दोन फोन आणि दोन मेल, येवढं पहिल्यांदा केलं असतं तर एक तिकीट वाचलं असतं.

आता नावाचा घोळ, हा खास आपल्या मराठी माणसांसाठी. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. फॉर्मवर भाच्याने सवयीने मधल्या रकान्यात भावाचं नाव लिहिलं, तिथल्या क्लार्कबाईंनी ते आईचं माहेरचं आडनाव समजून घेतलं, आणि खाली आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहा असं होतं तिथे याने लिहिलं सासरचं नाव. आता माझ्या वहिनीचं लग्नात नाव बदललेलं, माहेरची कुसुम सासरी वेगळीच झाली, तशी त्या काळात घरोघर रीत होती. जन्मदाखल्यावर एक नाव, भाच्याच्या पासपोर्टवर आईचं दुसरं नाव, आणि फॉर्मवर तिसरंच. क्लार्कबाईंनी फार नम्रपणे, ते लोक प्रत्येक वाक्यात पो लावतात आपल्या अहोजाहो सारखं, तसं पो लावून विचारलं की सर तुम्हाला आया किती?

हसू नका, यात आठवडा गेला. शेवटी इथून ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र करून पाठवावं लागलं. तेव्हा ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांनी आधी घरातच सगळे दाखले टेबलावर मांडून आईचं नाव सगळीकडे कसं लिहिलंय ते बघा, आणि फॉर्म भरताना पासपोर्टवर जे जसं छापलंय तसंच भरा. ग्रामपंचायतीचा जुना जन्मदाखला फक्त मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक, लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं त्यांच्या कायद्यात नाही, तेव्हा सूनबाईंचं नाव बदलायची घाई करू नका. एकदा पासपोर्टवर बदललं की बाकीचे पन्नास कागद त्याच्या मागे धावतात. माझ्या भावाला हे पटायला वेळ लागला, पण नाव न बदलता सून घरची होते हे त्याला आता कळलंय.

कागदांवरच्या शिक्क्यांचं थोडक्यात सांगते. अपॉस्टिल म्हणजे एकमेकांच्या देशातले कागद एकाच शिक्क्यावर मान्य करायचा आंतरराष्ट्रीय करार, भारत त्यात २००५ पासून आहे आणि फिलिपिन्स १४ मे २०१९ पासून. म्हणजे महाराष्ट्रातल्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल झालं की तो तिकडे चालतो, त्यावर वेगळा दूतावासाचा शिक्का लागत नाही, तिकडून येणाऱ्या कागदाचंही तसंच, तिथल्या परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल. आम्हाला पुण्यात एका एजंटाने दूतावास साक्षांकनाचे म्हणून वेगळे पैसे लावले होते, मी करार कधी लागू झाला ते विचारलं तर म्हणाला मॅडम तुम्ही वकील आहात का. नाही, पेन्शनर आहे.

आता मुलीकडची बाजू, कारण ती आपल्याला दिसत नाही आणि खरी कसोटी तिचीच असते. तिच्याकडून सगळ्यात आधी मागायचा कागद म्हणजे सेनोमार, तिकडच्या स्टॅटिस्टिक्स अथॉरिटीकडून मिळणारा, लग्नाची नोंद नसल्याचा दाखला. मागताना संकोच करू नका, तिकडे ते अगदी रोजचं आहे. कारण फिलिपिन्समध्ये मुसलमान समाज सोडला तर घटस्फोटाचा कायदाच नाही, जगात ते आणि व्हॅटिकन. त्यामुळे आम्ही पाच वर्षं वेगळे राहतो याला कागदोपत्री शून्य किंमत आहे, लग्न रद्द करून घ्यायचं तर कोर्टात वर्षं आणि लाखो पेसो जातात. उलट मुलगा आपल्याकडचा घटस्फोटित असेल तर कोर्टाचा हुकूम अपॉस्टिल करून न्यावा लागतो, विधुर असेल तर बायकोचा मृत्यूदाखला. लपवाछपवी कुणीच करू नये, दोन्हीकडचे रजिस्टर बोलतात.

आणि ऑफलोड, म्हणजे विमानात बसू न देता विमानतळावरूनच परत पाठवणं. हा शब्द तिकडे प्रत्येक मुलीला माहितीये. आमची होणारी सून, लग्नाच्या आधी, गणपतीला पुण्यात यायची होती, घर बघायला, आम्हाला भेटायला. व्हिसा होता, तिकीट होतं, आम्ही उकडीचे मोदक करायचं ठरवलेलं. मनिलाच्या विमानतळावर त्यांच्याच इमिग्रेशनने तिला बाजूला घेतलं, तासभर प्रश्न विचारले आणि विमानात बसूच दिलं नाही. माझा भाऊ इतका भडकला की म्हणाला स्वतःच्याच देशाच्या मुलीला अडवतात म्हणजे काय. मला पण राग आला होता, पण नंतर कारण कळलं तेव्हा थोडा उतरला. नोकरीच्या नाहीतर लग्नाच्या नावाने मुलींना परदेशी नेऊन विकायचे प्रकार तिकडे इतके झाले की २००३ ला मानवी तस्करीविरोधी कायदा आला, आणि तेव्हापासून एकट्या निघालेल्या मुलीला, तिचं तिकीट कुणी काढलं, तो माणूस कोण, कुठे भेटला, किती दिवस ओळख, हे सगळं विचारतात. तिचं तिकीट भाच्याने काढलेलं. कुठे राहणार विचारलं तर तिला धनकवडी म्हणता येईना, ती बिचारी दानका, दानका करत राहिली आणि अधिकाऱ्याला वाटलं पत्ताच माहीत नाही.

पुढच्या वेळी आम्ही तिची फाईल इथून करून पाठवली. परतीचं तिकीट, हॉस्पिटलची रजा मंजूर झाल्याचं पत्र आणि परत कामावर रुजू होण्याची तारीख, भावाने घरमालक म्हणून लिहिलेलं आमंत्रण, भाच्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, दोघांचे दुबईचे फोटो तारखेसकट, तिच्या स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंट. आणि धनकवडीचा उच्चार व्हिडिओ कॉलवर चार दिवस घोटून घेतला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे खरं तेच सांगायचं, बॉयफ्रेंडकडे जातेय तर बॉयफ्रेंडकडे, मैत्रिणीकडे जातेय असं सांगून मोबाईलमध्ये याचे शंभर मेसेज निघाले की संपलंच. दहा मिनिटात सोडलं.

लग्नानंतर नवऱ्याकडे कायमचं निघताना आणखी एक टप्पा असतो, तो चुकवला तर परत तेच ऑफलोड. तिकडे कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज म्हणून सरकारी खातं आहे, सगळे सीएफओच म्हणतात. परदेशी माणसाशी लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीने तिथे समुपदेशनाला बसून सर्टिफिकेट घ्यायचं, परक्या देशात छळ झाला तर कुठे जायचं, पैसे कुणाच्या नावावर, नवऱ्याच्या घरच्यांना भेटलीयेस का, असलं सगळं विचारतात. भाच्याला ते अपमानाचं वाटलं. मला विचाराल तर आपल्याकडून परदेशी लग्न करून जाणाऱ्या मुलींना पण असं कुणीतरी बसवून विचारलं असतं तर किती बरं झालं असतं, एनआरआय नवऱ्यांनी फसवलेल्या मुली आपल्या पुण्यात काय कमी आहेत? आणि हो, पैसे घेऊन फिलिपिन्सची बायको मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, २०१६ च्या कायद्याने तिकडे तो सरळ गुन्हा आहे.

यूट्यूबवर यातलं सगळं सापडतं असं तरुण मंडळी म्हणतात. सापडतं, पण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश नवऱ्यांचे असतात. ते सांगतात बायकोचा हात धरून उतरा, बालिकबायान म्हणजे मायदेशी परतणाऱ्या फिलिपिनोंची सवलत, तिच्यावर तुम्हालाही व्हिसाशिवाय एक वर्ष मिळतं. ती सवलत आहे खरी, पण सगळ्या देशांच्या पासपोर्टला नाही, भारतीय पासपोर्टला आपोआप लागू असं धरून चालू नका, दूतावासाकडून लेखी विचारा. तसंच १३(ए) म्हणजे लग्नावरून मिळणारा रहिवासी व्हिसा, तो ज्या देशांत फिलिपिनोंना तशीच सवलत आहे त्यांच्या लोकांसाठी असतो, आधी एक वर्ष तात्पुरता आणि मग कायमचा, भारतीय जावयाला तोच लागू की दुसरा तात्पुरता रहिवासी व्हिसा हे इमिग्रेशन ब्युरोतूनच कळून घ्या. आणि पुणेकर म्हणून खास सांगते, बायकोच्या गावात प्लॉट घेऊन टाकू हा विचार डोक्यातून काढा, परदेशी माणसाच्या नावावर तिकडे जमीन होत नाही, त्यांच्या घटनेतच आहे. फ्लॅट चालतो, तो पण मर्यादेत.

सून पुण्यात आल्यावर सुटलो असं नसतं. परदेशी पाहुणा घरी राहायला आला की २४ तासांत पोलिसांकडे ऑनलाईन कळवायचं असतं, लोक अजून सी-फॉर्मच म्हणतात त्याला, फक्त हॉटेलवाल्यांनी नाही, घरवाल्यांनी सुद्धा, मग ती सख्खी सून का असेना. १८० दिवसांपेक्षा मोठ्या व्हिसावर आली असेल तर १४ दिवसांत नोंदणी, पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातलं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय बघतं. ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड लगेच मिळत नाही, नोंदलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं पाहिजे. लग्न इकडे करायचं ठरवलं तर तिचा लग्नाला मोकळी असल्याचा दाखला तिच्या दिल्लीतल्या दूतावासातून लागतो, आणि झाल्यावर तिथेच लग्नाची खबर द्यायची, नाहीतर तिच्या देशात ती कुमारीच राहते. तिकडे केलं तर लग्न लावणाऱ्याने १५ दिवसांत रजिस्ट्रारकडे कागद द्यायचा असतो, तो दिला का हे स्वतः जाऊन बघा, आमचा तेराव्या दिवसापर्यंत कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये होता.

तेव्हा संपादक महाराज, पुढच्या वेळी बोराकाय-पालावानचे फोटो छापाल तेव्हा खाली दोन ओळी टाका की हे १४ दिवस वाढत नाहीत आणि यात लग्न बसत नाही. आमची सून आता येते-जाते, आल्यावर माझा हात कपाळाला लावते, तिकडची नमस्काराची पद्धत, आणि मला तीता (तिकडची आत्या-मावशी) म्हणायचं का आत्या हे अजून ठरवतेय. धनकवडी मात्र रिक्षावाल्यापेक्षा स्पष्ट म्हणते.

आपली,
एक जुनी वाचक, धनकवडी, पुणे

ता.क. फिलिपिन्सला पोचायच्या आधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल म्हणजे प्रवाशांची ऑनलाईन नोंदणी करावी लागते, ती सरकारी साईटवर पूर्ण फुकट आहे. आमच्या शेजाऱ्यांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साईटवर चौघांचे पैसे भरले, आणि वर विमानतळावर परत फुकटातला फॉर्म भरावा लागला तो वेगळाच.